टिळकांचा राजीनामा आणि आमची मंडळी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे तरी भजन झाल्याशिवाय मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना क्वचितच पुरी होते. पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने ती भजने चालू झाली की म्हाताऱ्यांचे डोळे मिटतात, बायकांचा सूर चढतो आणि आपण परक्या धर्माचे पाहुणे नसून या मातीचेच आहोत, अशी खात्री घटकाभर पटते. या गोष्टीचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्याची भजने आपण म्हणतो, त्याने आपल्या आयुष्याच्या अखेरीस काय केले, हे किती जणांस ठाऊक आहे? १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले, चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारावयास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व या दरबारात एकत्र यावेत. तो परदेशी पैशावर आणि परदेशी हुकमतीवर न चालता या देशाच्या भक्तिमार्गावर चालावा, अशी त्यांची कल्पना होती. पुरती दोन वर्षेही त्यांना मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. मंडळीने त्यांची भजने ठेवून घेतली आणि त्यांचा राजीनामा दप्तरी दाखल केला.

हा राजीनामा आजही निकालात निघालेला नाही, असे आमचे म्हणणे आहे आणि तेवढ्याचसाठी हा लेख आहे.

हा विषय या मासिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. मराठी मुलखाबाहेर राहून मराठी वाचणाऱ्यांचे हे मासिक. त्यात ख्रिस्ती मंडळीच्या घरगुती कुरबुरी कशास? आमचे उत्तर असे की, हे घर वाचकांचेही आहे. फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई यांना वगळून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिता येत नाही. १८५७ सालचे 'यमुनापर्यटन' बाजूस ठेवले तर मराठी कादंबरीचा आरंभ कोठून धरावयाचा, हाच प्रश्न पडेल. वाड्याच्या एका दालनास ओल आली तर शेजारच्या दालनात निश्चिंत झोपणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय आम्ही जे दुखणे सांगणार आहोत ते ख्रिस्ती मंडळीत स्पष्ट दिसते एवढेच. पूर्वजांची पुण्याई सांगून दिवस काढणाऱ्या प्रत्येक संस्थेला ते जडते.

आपण बहुतेक सारे बदलीची माणसे आहोत. नव्या माणसास चार्ज देण्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. खुर्ची, कपाट, किल्ल्या, नोंदवह्या, शिक्के यांची यादी होते, दोघांच्या सह्या होतात आणि चार्ज दिला असे आपण म्हणतो. परंतु ज्या तळमळीने पहिल्या माणसाने ते काम उभे केले, ती तळमळ कोणत्या यादीत लिहिता येते? ख्रिस्ती मंडळीचे नेमके हेच झाले आहे. एका पिढीने दुसरीस देऊळ दिले, शाळा दिली, दवाखाना दिला, दफनभूमी दिली, जमिनीचे कागद दिले. सह्या झाल्या. ज्याच्यामुळे हे सारे उभे राहिले ते मात्र मागे राहिले.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले ते गाव तोडून, भाऊबंदांचा राग पत्करून. आजोबा ख्रिस्ती राहिले ते मिशनच्या शाळेने त्यांस अक्षर आणि अन्न दिले म्हणून; त्यांच्या कृतज्ञतेत खोटे काही नव्हते. वडील ख्रिस्ती होते ते आजोबा होते म्हणून. आणि आम्ही? आम्ही अर्जातील 'धर्म' या रकान्यात तसे लिहितो म्हणून. गेल्या वर्षी आमच्या मुलाने विचारले, "दर रविवारी आपण कशासाठी जातो?" आम्ही पदवीधर माणूस, पण "आजोबा जात होते म्हणून" यापलीकडे आम्हांस उत्तर सुचले नाही. श्रद्धा वतनासारखी चालत येत नाही. वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव लागेल, जमीन मात्र दर साली नांगरावीच लागते.

इतिहास पाहिला तर एका पिढीने उघडलेले दार पुढच्या पिढ्यांनी कसे लावून घेतले, हे दिसून येते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांचे जुने पुराण सुटले आहे आणि नवे हाती आलेले नाही, हे त्याने ओळखले व सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. परकीय धर्मगुरूने ओवीपुढे नम्र व्हावे, ही त्या काळी केवढी क्रांती! परंतु १६५४ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर हे पुराण पुन्हा छापले गेले ते १९०७ साली, मंगळुरास. मधल्या अडीचशे वर्षांत काय झाले? १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या मंडळीने ओवी म्हटली तिनेच पुढे आईच्या भाषेला पारखे व्हावे, हा केवळ राजसत्तेचा जुलूम नव्हता. स्टीफन्सचा ग्रंथ वारशाने मिळालेल्यांना स्टीफन्सची दृष्टी मिळाली नव्हती. रोमच्या ख्रिस्तसभेने भक्ताच्या भाषेला उपासनेत अधिकृत जागा दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ साली. एका माणसाला १६१६ मध्ये उमगलेली गोष्ट संस्थेला उमगावयास साडेतीनशे वर्षे लागली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ही विदुषी आपल्या पंखाखाली आली, असे तेथील धर्मभगिनींस वाटले असावे. परंतु रमाबाईंनी कोणाही पंथाच्या अधिकारापुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असे त्यांनी निर्भीडपणे विचारले. पुढे केडगावास 'मुक्ती' उभी राहिली. तेथे टाकलेल्या, छळलेल्या, दुष्काळाने रस्त्यावर आणलेल्या बायका आणि मुली केवळ आसऱ्यास नव्हत्या. त्या प्रार्थना चालवीत, शिकवीत, छापखाना चालवीत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते तडीस नेले. एका स्त्रीने मूळ भाषांवरून सबंध शास्त्र आपल्या भाषेत आणले! त्यानंतर किती मराठी मंडळ्यांनी आपल्या व्यासपीठावर स्त्रीला मानाने उभे केले? रमाबाईंची तसबीर भिंतीवर आणि मंडळीतील बाई चहाच्या टेबलाशी, हे दृश्य आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

टिळकांचा राजीनामा या मालिकेतलाच होय. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. मिशनने या देशात शाळा काढल्या, रोग्यांची सेवा केली, १८४२ साली अहमदनगरास 'ज्ञानोदय' काढला, हे टिळक विसरले नव्हते आणि आम्हीही विसरलेलो नाही. टिळकांचे भांडण उपकारांशी नव्हते. पगार देणारा आणि पगार घेणारा असे नाते जेथे मुरते तेथे बंधुभाव उरत नाही. जेथे आवाराची भिंत उंच होते तेथे मंडळी गावापासून तुटते, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे मिशन गेले. परदेशी साहेब गेला. परंतु साहेबाची खुर्ची गेली काय? खुर्चीवर आपला माणूस बसला आणि आपण त्याला स्वराज्य म्हटले. राज्यकारभार जवळून पाहणाऱ्या वाचकांस हा प्रकार अनोळखी वाटणार नाही.

येथे नागपूर शहराची आठवण करणे भाग आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा निरनिराळ्या मंडळ्यांनी आपापले पंथभेद बाजूस ठेवून उत्तर भारताची एकत्र मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन केली. ती घटना मोठी होती. परंतु त्याच नागपुरात चौदा वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्यांनी आपला मार्ग निवडला आणि तो निवडण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद होता. ते आमच्याकडे आले नाहीत म्हणून आम्ही हळहळत नाही. आम्ही वेगळाच प्रश्न विचारतो. समतेच्या शोधात निघालेला एवढा मोठा समाज आमच्या दारावरून गेला, तेव्हा त्याला आमच्या घरात काय दिसले? डॉ. आंबेडकरांनी ते लिहून ठेवले आहे. धर्म बदलला तरी जात पाठोपाठ आली आणि मंडळीने आपल्याच दुबळ्या बांधवांच्या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय आहे. सहा पंथांची नावे पुसून एक नाव लिहिणे सोपे नव्हते, हे खरे, पण लग्नाच्या बोलणीत हळूच विचारला जाणारा "मूळचे कोण?" हा प्रश्न पुसणे त्याहून अवघड होते आणि ते राहून गेले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेत जातिभेद आणि अस्पृश्यता आहे हे मान्य केले. कबुली उशिरा आली, पण आली. कबुलीने पश्चात्तापास आरंभ होतो. शेवट होत नाही.

या संबंधात एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ साली त्यांत शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेले दलित वगळलेलेच राहिले. त्याविरुद्ध मंडळ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, न्यायालयात दाद मागितली. ती मागणी न्याय्य आहे असे आमचे मत आहे. परंतु सरकारकडे जाऊन "आमच्यातही जात आहे" असे सांगणारी मंडळी रविवारी व्यासपीठावरून "आमच्यात जात नाही" असे सांगते! अर्जात एक आणि प्रवचनात दुसरे, असा हा दुहेरी हिशोब किती दिवस चालावयाचा?

आमच्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की, आपण संख्येने थोडे, दिवस अवघड. अशा वेळी घरचे वाभाडे चव्हाट्यावर कशास मांडावे? बाहेरून दगड येतात हे आम्ही नाकारीत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, हे आपण पाहिले. पण त्या विरोधास उत्तर कोणी दिले? २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस, म्हणजे आताच्या धाराशिवास, जमलेल्या मराठी रसिकांनी. ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले, कारण हा धर्मगुरू वसईच्या जमिनीसाठी, पाण्यासाठी, हिरवाईसाठी सर्व धर्मांच्या गावकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरला होता. ज्याने आवाराची भिंत ओलांडली त्याच्यासाठी गाव धावून आले. भिंतीआड लपणाऱ्यासाठी कोण येणार?

दुसरा आक्षेप असा की, नवे काही होत नाही असे कोण म्हणतो? पेटीच्या जागी गिटार आली, गीतपुस्तकाच्या जागी पडद्यावर अक्षरे आली, तरुणांची शिबिरे होतात. आम्हांस गिटारीचा राग नाही. परंतु ओल आलेल्या भिंतीस रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यात तो पापुद्र्यांनी निघतो. मंडळीच्या जमिनीचा भाडेपट्टा कोणी, कोणाला, किती रुपयांस दिला, असे वार्षिक सभेत विचारणाऱ्या तरुणास "तू प्रार्थना कमी करतोस" असे उत्तर मिळाल्याचे आम्ही एका मंडळीत स्वतः ऐकले आहे. तो तरुण पुन्हा आला नाही. त्याच्यासाठी गिटार वाजवून काय उपयोग? गावोगावच्या मध्यवस्तीतल्या मिशनच्या जागांना आज सोन्याचा भाव आहे, त्यांचे वाद न्यायालयांत पडून आहेत आणि फिर्यादी व प्रतिवादी दोघेही एकाच प्रभुभोजनाच्या मेजाशी गुडघे टेकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मंडळी ही देवाची. माणसाने तिची उलथापालथ करू नये, असे श्रद्धावान लोक म्हणतात. त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, मूलगामी म्हणजे मुळाशी जाणारे. मूळ उपटणारे नव्हे. गालिलातल्या सुताराने व्यापाऱ्यांचे चौरंग उलथले ते मंदिर पाडण्यासाठी नव्हे. तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीच्या फ्रान्सिसने वडिलांची संपत्ती टाकली, १५१७ साली ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले, १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी वृद्धापकाळी सार्वत्रिक परिषद बोलावण्याची घोषणा केली. यांपैकी कोणीही नवा धर्म काढावयास निघाला नव्हता. मुळाकडे परत जाण्याची हाक प्रत्येकाने आपापल्या पिढीत दिली. आणि प्रत्येकाच्या मागे काय झाले, हेही पाहावे. फ्रान्सिसच्या अनुयायांत लवकरच मालमत्तेवरून तंटे माजले. ल्यूथरच्या नावाने चालणाऱ्या मंडळ्या राजांच्या आश्रयाने सुस्तावल्या. यातून आम्ही एवढेच शिकतो की, एकदा सुधारले म्हणजे कायमचे सुधारले असे होत नाही. कालचा सुधारक आजची तसबीर होतो. म्हणून प्रत्येक पिढीला हे काम पहिल्यापासून करावे लागते.

मग करावे काय? नियमांनी श्रद्धा उत्पन्न होत नाही, हे नियमांच्या पुस्तकांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस कोणी सांगावयास नको. परंतु वाटेतले धोंडे नियमांनी दूर होऊ शकतात. प्रत्येक मंडळीने आपल्या मालमत्तेची यादी आणि वर्षाचा जमाखर्च देवळाच्या दारावर लावावा. शिपायापासून बिशपापर्यंत कोणीही तो वाचावा. पंचाची जागा ठरावीक मुदतीची असावी आणि मुदत संपताच ती सोडावी. पंचमंडळात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि मुलाबाळांच्या वयाच्या माणसांस तेथे केवळ सतरंज्या घालण्यासाठी बोलावू नये. रोमच्या धर्मसभेतदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये स्त्रियांनी प्रथमच मत दिले. आमच्या पन्नास घरांच्या मंडळीस एवढी भीती कशाची? ज्या पाळकास "मूळचे कोण?" हा प्रश्न ऐकून राग येत नाही, त्याने व्यासपीठावर चढू नये. आणि दर पंचवीस वर्षांनी प्रत्येक मंडळीने एक सभा भरवावी आणि तीत एकच विषय ठेवावा: वाडवडिलांकडून आपणांस काहीच मिळाले नसते, ही इमारतही नसती, तर आज, या गावात, आपण एकत्र कशासाठी जमलो असतो? या प्रश्नास उत्तर न देणाऱ्या पिढीला किल्ल्या देऊ नयेत.

परप्रांतातील मराठी ख्रिस्ती माणसास हा प्रश्न अधिकच टोचतो. मुलखात असताना मंडळी ही गावाची, नात्यागोत्याची, सवयीची असते. दिल्लीस किंवा कलकत्त्यास आल्यावर सवय सुटते. येथे मल्याळी, तमिळ, हिंदी, इंग्रजी उपासना आहेत; मराठीसाठी चार घरे जमवावी लागतात. महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाची वर्गणी देताना कोणी कौतुकाने विचारतो, "तुम्ही ख्रिस्ती असून इतके चांगले मराठी बोलता?" आणि इंग्रजी उपासनेनंतर दुसरा विचारतो, "घरी अजून मराठीतच प्रार्थना करता?" दोन्ही दारांत आम्ही पाहुणेच. आम्ही याची तक्रार करीत नाही. उलट, वारशाचे सामान मागे राहिल्यामुळे आपल्याजवळ आपले असे काय उरले, हे येथेच कळते. टिळकांनी वेतन सोडले तेव्हा त्यांच्याजवळ काय उरले होते? टाळ, ओवी आणि ख्रिस्त. तेवढ्यावर ते निघाले होते.

आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर अजून आम्ही दिलेले नाही. ते आमच्या आजोबांकडून उसने आणता येणार नाही, एवढे आता उमगले आहे. पुढच्या रविवारी चार घरे एकत्र बसतील, टिळकांचे भजन होईल. भजन संपल्यावर या वेळी त्यांचा राजीनामाही वाचावा, आणि तो मंजूर करावयाचा की त्यांच्याबरोबर निघावयाचे, याचा निर्णय मुलांसमक्ष व्हावा, असे आम्ही ठरविले आहे.